उभे राहता येते, पण दहा-पंधरा मीटरवर पुन्हा पाण्यात: काइटसर्फिंग शिकणाऱ्यांची नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, बोर्डवर उभे राहून पाण्यावरून सरकत जाण्याचा खेळ. तो शिकणारा माणूस पहिल्या काही दिवसांत हमखास एका जागी येऊन अडकतो. बोर्ड पायात अडकवून पतंग खाली झोकला की शरीर पाण्यातून उचलले जाते, चार-पाच सेकंद बोर्ड पाण्यावरून सरकतो, आता जमले असे वाटू लागते आणि नेमकी त्याच वेळी ओढ संपते, बोर्डची मागची कड रुतते आणि आपण पुन्हा छातीभर पाण्यात बसतो. एकदा नव्हे, दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच घडते. प्रत्येक वेळी बोर्ड शोधायचा, पायात घालायचा, पतंग डोक्यावर स्थिर करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, यात अंगातले त्राण निघून जाते, आणि अनेक जण याच टप्प्यावर शिकणे सोडून देतात. हा लेख त्या एकाच अडचणीविषयी आहे.

मी ऐरोलीत राहते. आमचा पाच जणांचा गट आहे: मी, माझी धाकटी बहीण, घणसोलीचे दोन सहकारी आणि ठाण्यात नौपाड्यात राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही तीन वेळा रामेश्वरमला गेलो आणि पाचही जण याच जागी अडकलो. प्रत्येकाने स्वतःपुरते एक कारण ठरवून टाकले होते. कुणाला पायांत ताकद नाही असे वाटत होते, कुणाला वजन जास्त वाटत होते, कुणाला बोर्ड लहान वाटत होता. पुढे नीट तपासले तेव्हा यांपैकी एकही मूळ कारण निघाले नाही, आणि पाचांपैकी चौघांची चूक एकच निघाली.

ठाणे खाडी दाराशी असताना इतक्या लांब कशाला जायचे, असे आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून तेही सांगते. खाडीत ओहोटीला गुडघ्याच्या वर चिखल उघडा पडतो, काठाने तिवरांची दाटी आहे, वर उच्चदाबाच्या विजेच्या तारा आणि पूल आहेत. शिवाय खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला आहे. तिथे वीस-बावीस मीटर दोऱ्यांवरचा पतंग उडवणे माणसासाठी धोक्याचे आणि पक्ष्यांसाठी अन्यायाचे आहे. रामेश्वरम हे पांबन बेटावर वसलेले आहे. बेटाचे धनुष्कोडीकडचे टोक म्हणजे वाळूची एक अरुंद पट्टी. तिच्या दक्षिणेला मन्नारचे आखात, उत्तरेला पाल्कचा उपसागर. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात ईशान्येकडून. त्यामुळे वारा कुठूनही आला तरी पट्टीच्या एका बाजूला लाटा उसळतात आणि दुसऱ्या बाजूला पाणी सपाट राहते. शिकण्यासाठी सपाट, उथळ पाणी उत्तम. मात्र सपाट बाजूला वारा किनाऱ्याकडून आत समुद्रात वाहत असतो, म्हणून तिथे बचाव नौका पाण्यात असल्याखेरीज उतरू नये.

आता मूळ मुद्दा. आपण कसे पडलो, हे प्रत्येकाला चांगले आठवते: पाठीवर पडलो, तोंडावर पडलो, बोर्ड निसटला, नाकातोंडात पाणी गेले. पण पडण्याच्या क्षणी पतंग आकाशात कुठे होता, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. निदान मात्र तिथेच असते. आमच्या पहिल्या सहलीत बहिणीने काठावरून मोबाइलवर पुष्कळ चित्रण केले होते. घरी येऊन ते पाहिले तेव्हा लक्षात आले की प्रत्येक चित्रफितीत आम्ही अगदी जवळून दिसतो आणि पतंग एकाही चित्रफितीत दिसत नाही. दुसऱ्या सहलीत आम्ही चित्रण करणाऱ्याला साठ-सत्तर पावले मागे उभे केले आणि माणूस लहान दिसला तरी चालेल, पण पतंग चौकटीबाहेर जाता कामा नये, एवढी एकच सूचना दिली. त्या एका दिवसाच्या चित्रणाने आमची बरीचशी कोडी सुटली.

पतंगाची जागा सांगायला घड्याळाची भाषा वापरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि आपल्यासमोर एक प्रचंड तबकडी उभी आहे असे समजा. डोक्यावर बारा, उजव्या हाताला पाण्यालगत तीन, डाव्या हाताला पाण्यालगत नऊ. तबकडीच्या कडेने, म्हणजे नऊपासून बारामार्गे तीनपर्यंत, पतंग शांत असतो आणि फारशी ओढ देत नाही. तबकडीच्या मध्यातून, वारा जातो त्या बाजूने, तो जितका खालून आणि जितक्या वेगाने जातो तितकी ओढ प्रचंड वाढते. बोर्डवर उभे राहण्यासाठी लागणारा झटका आपण याच मधल्या भागातून मिळवतो. उजवीकडे जायचे असेल तर पतंग आधी किंचित डावीकडे अकरापर्यंत न्यायचा आणि मग उजवीकडे खाली दीड-दोनपर्यंत झोकायचा. डावीकडे जायचे असेल तर हेच उलट, एकवरून साडेदहा-दहापर्यंत.

दोऱ्यांची रचनाही समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. हातात धरायच्या दांड्याला बार म्हणतात आणि कमरेला बांधायच्या, पुढे हुक असलेल्या पट्ट्याला हार्नेस. दोऱ्या चार असतात. मधल्या दोन पतंगाच्या पुढच्या फुगीर नळीकडे जातात आणि बारच्या मध्यातून थेट आपल्या हार्नेसच्या हुकाला येऊन मिळतात. पतंगाचा बहुतेक भार त्या वाहतात. बाजूच्या दोन दोऱ्या बारच्या टोकांपासून पतंगाच्या मागच्या कडेला जातात. बार पुढेमागे सरकतो तेव्हा मधल्या दोऱ्यांची लांबी बदलत नाही, फक्त मागच्या दोऱ्या आखूड किंवा लांब होतात. बार जवळ ओढला की पतंगाची मागची कड खाली खेचली जाते आणि पतंग वाऱ्यासमोर जास्त उभा राहतो. सुरुवातीला ओढ वाढते, पण एका मर्यादेपलीकडे वारा पतंगाच्या पाठीवरून सुरळीत वाहेनासा होतो, उचल संपते आणि पतंग मागे मागे जात खाली बसू लागतो. याला बॅक-स्टॉल म्हणतात.

चौघांची चूक हीच होती, आणि ती आपल्याकडच्या माणसांकडून का होते याचे कारण मला काकांमुळे कळले. काका लहानपणी संक्रांतीला चाळीच्या गच्चीवरून पतंग उडवत आणि अजूनही त्यांचा हात त्यात पक्का आहे. वारा पडून कागदी पतंग डगमगला, खाली बसू लागला की आपण काय करतो? खेच देतो. खेच दिली की पतंग सावरतो आणि वर चढतो. एकाच मांजावरच्या पतंगाला ही युक्ती बरोबर लागू पडते, कारण खेच दिल्याने तो हवेतून वेगाने पुढे येतो आणि त्याच्यावरून वाहणारा वारा वाढतो. लहानपणी शेकडो वेळा केलेली ही हालचाल हातात इतकी मुरलेली असते की विचार करण्याआधीच हात ती करून टाकतो. पाण्यावरच्या फुगीर पतंगाला मात्र खेच दिली की त्याची फक्त मागची कड खेचली जाते, आणि आधीच मंदावलेला पतंग आणखी मंदावतो. त्याला त्या क्षणी हवी असते ढील.

दुसऱ्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या प्रशिक्षकांनी काकांच्या एका प्रयत्नाची चित्रफीत सावकाश गतीने दाखवली. काका पाण्यातून उठतात, बोर्ड सरकू लागतो, पतंग दीडपर्यंत खाली येऊन वर वळतो. इथपर्यंत सगळे योग्य होते. मग बोर्डखाली एक लहान लाट येते, काकांचा तोल किंचित मागे जातो आणि दोन्ही कोपर दुमडून बार पोटाशी येतो. पुढच्या दोन सेकंदांत पतंगाची मागची कड सुरकुतते, पतंग पुढे जाण्याऐवजी मागे सरकतो आणि काका खाली बसतात. मी तेव्हा काकांना विचारले, “काका, इथे तुम्ही बार का ओढलात?” ते म्हणाले, “अगं, मी ओढलाच नाही. मी फक्त धरून राहिलो.” ते खरेच सांगत होते. तोल जाऊ लागला की माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो आणि तिच्यावर भार टाकतो. लोकलमध्ये ब्रेक लागला की आपण कडी धरतो तसेच. पण लोकलची कडी स्थिर असते आणि बार सरकता असतो, म्हणून धरून राहणे आणि ओढणे यांत इथे काहीच फरक उरत नाही.

तेव्हा पहिली तपासणी हीच करावी. पडताना पतंग मागच्या कडेवर, मागे मागे जात बसत असेल तर तुम्ही बारला लटकत आहात. शरीराचा भार हार्नेसने उचलायचा असतो, हातांनी फक्त दिशा द्यायची असते. दिवसअखेर कोपरांच्या खालचे स्नायू दुखत असतील आणि कंबर मुळीच दुखत नसेल, तर भार चुकीच्या ठिकाणी पडत होता हे निश्चित समजावे.

यावर उपाय करताना आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, बार मुठीत न धरता प्रत्येक हाताच्या दोनच बोटांनी, तर्जनी आणि मधल्या बोटाने, धरायचा. दोन बोटांवर कुणालाही लटकता येत नाही, त्यामुळे भार आपोआप हार्नेसवर जातो. सुरुवातीला हे असुरक्षित वाटते, पण पतंग हार्नेसला जोडलेला असल्यामुळे बार सुटला तरी तो निसटत नाही, उलट त्याची ओढ कमी होते. दुसरी म्हणजे, काठावर असताना पतंग बारावर ठेवून बार हळूहळू जवळ ओढायचा आणि पतंग मागे सरकू लागतो ती नेमकी जागा शोधायची. मग ती जागा ओलांडली जाणार नाही अशा बेताने ट्रिमचा पट्टा खेचायचा. ट्रिम खेचली की मधल्या दोऱ्या आखूड होतात, म्हणजे मागच्या दोऱ्या त्यांच्या तुलनेने सैल पडतात, आणि बार पूर्ण पोटाशी आला तरी पतंग बसत नाही. शिकणाऱ्याच्या चुकीला जागा ठेवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि आम्हाला तो दुसऱ्या सहलीपर्यंत कुणी सांगितला नव्हता याचे मला आजही वाईट वाटते. तिसरी म्हणजे, उभे राहिल्याबरोबर मोठ्याने “ढील” म्हणायचे. शब्द तोंडातून निघाला की हात पुढे जातो. काकांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण ढील या शब्दाचा अर्थ त्यांच्या हातांना साठ वर्षांपासून ठाऊक होता.

दोन सहलींच्या मधल्या महिन्यांत ऐरोलीत काय करता येईल, हा पुढचा प्रश्न होता. बाजारात दोन दोऱ्यांचा, दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग मिळतो आणि तो मैदानात उडवता येतो. घड्याळातल्या जागा अंगवळणी पडण्यासाठी तो फार चांगला आहे. पतंगाकडे न पाहता तो दीडवर धरून ठेवता आला, डोळे मिटून साडेदहा ओळखता आले, की पाण्यात नजर जिकडे जायचे तिकडे ठेवता येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोन दोऱ्यांच्या पतंगाला ढील देता येत नाही. त्याचा बार सरकत नाही, म्हणून खेचण्याची सवय त्याने मोडत तर नाहीच, उलट वाढण्याची शक्यता असते. शिवाय मैदान नीट निवडावे. ऐरोली, दिघा, कळवा या पट्ट्यात उच्चदाबाच्या तारा बऱ्याच ठिकाणांवरून जातात. तारा, झाडे, रस्ता आणि खेळणारी मुले यांच्यापासून दोऱ्यांच्या लांबीच्या किमान तिप्पट अंतर मिळत नसेल तर पतंग पिशवीतून काढू नये. आता नवी मुंबईत विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा त्या बाजूच्या मैदानांचा विचारही करू नये.

ढील देण्याच्या सरावासाठी आम्ही घरगुती साधन तयार केले. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा अर्धा मीटर लांब तुकडा घेतला, त्याच्या मधोमध आरपार भोक पाडले आणि त्यातून गिर्यारोहणाची जाड दोरी ओवली. दोरीचे एक टोक सोसायटीच्या बागेतील व्यायामाच्या लोखंडी खांबाला खांद्याच्या थोडे वर बांधले आणि दुसऱ्या टोकाचा फासा हार्नेसच्या हुकात अडकवला. आता पाय खांबाकडे रोवून, गुडघे किंचित वाकवून मागे रेलायचे. सगळा भार कमरेवर येतो आणि पाइप दोरीवर मोकळा राहतो. बहिणीने अचानक खांद्याला धक्का द्यायचा आणि त्या क्षणी पाइप जवळ न येता पुढे गेला पाहिजे. पहिल्या संध्याकाळी माझ्या हातातला पाइप दर वेळी पोटावर येऊन आदळत होता. रोज वीस मिनिटे, असे तीन आठवडे केल्यावर तो पुढे जाऊ लागला. दोरीची गाठ आणि खांब आधी पूर्ण भाराने तपासून घ्यावेत आणि मागे गवत किंवा गादी असावी.

आता दुसरा प्रकार. पतंग बसत नाही, डोक्यावर छान स्थिर आहे, आणि तरीही आपण हळूहळू पाण्यात बसतो, जणू कुणी फुग्यातली हवा सोडली आहे. इथे दोष बारला लटकण्याचा नसतो. पहिल्या झटक्याने उभे राहिल्यावर पतंग वर वळतो आणि आपण समाधानाने त्याला थेट बारावर जाऊ देतो. बारावर तो आपल्याला वर धरतो, पुढे ओढत नाही. बोर्ड पाण्यावर तरंगत राहतो तो वेगामुळे. वेग संपला की बोर्ड बुडणारच. म्हणून उजवीकडे जाताना पतंग एकच्या वर जाऊ न देता लगेच पुन्हा दोनपर्यंत झोकायचा, मग पुन्हा एक, पुन्हा दोन, अशी लहान लहान वळणे बोर्ड पुरेसा वेग पकडेपर्यंत देत राहायची. वेग आला की पतंग दीडच्या आसपास स्थिर ठेवता येतो. माझ्या पाहण्यात, दुसरा झटका देण्याचे विसरणारे आणि बारला लटकणारे हे बहुधा तेच लोक असतात, कारण बार पोटाशी घट्ट धरला की पतंग वळवायला हात मोकळेच राहत नाहीत.

तिसरा प्रकार उलटा आहे: पतंग फार खाली, अडीच-तीनपर्यंत जातो, ओढ एकदम येते आणि माणूस बोर्डच्या पुढे फेकला जाऊन तोंडावर पडतो. झटका देताना बार वळवला जातो, पण परत सरळ करायचे राहून जाते. इथे लक्ष झटका देण्यावर नव्हे, तर तो संपवण्यावर ठेवावे. पतंग एक ओलांडताच त्याला वर वळवायला सुरुवात करावी, कारण आपण बार वळवल्यानंतर पतंगाने प्रतिसाद देईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि मोठ्या पतंगाला तो जास्त लागतो. तोंडावर पडण्याला बोर्डची दिशाही कारणीभूत असते. सुरुवातीला बोर्डचे टोक वारा जातो त्या बाजूला बरेचसे वळवलेले असावे, पुढचा पाय लांब आणि मागचा दुमडलेला. बोर्ड वाऱ्याला आडवा राहिला की त्याची कड पाण्यात अडते आणि पतंगाची सगळी ओढ माणसाला बोर्डवरून पलीकडे उलथवते. वेग आल्यावरच टाचांनी बोर्डची कड पाण्यात दाबून तो आडवा करायचा.

चौथा प्रकार कमी वेळा दिसतो, पण धोक्याचा आहे. जोरदार झटक्यानंतर आपण पतंगाच्या दिशेने वेगाने निघतो, दोऱ्या सैल पडतात, पतंग डोक्यावरून पुढे येतो आणि पुढच्या नळीवर उलटा कोसळतो. दोऱ्या सैल झाल्याचे जाणवले की तेवढ्यापुरता बार जवळ घ्यायचा, म्हणजे दोऱ्या ताणल्या जातात, आणि कड दाबून पतंगापासून दूर सरकायचे. वर सांगितलेल्या ढील देण्याच्या नियमाला हा एकमेव अपवाद आहे. पतंग पाण्यात पडलाच, तर सैल दोऱ्या हातापायांत गुंतू देऊ नयेत. कोणत्याही परिस्थितीत दोरी हाताला गुंडाळू नये, आणि ओढ अनपेक्षित वाढली तर चिकन लूपची, म्हणजे हार्नेसच्या हुकात अडकवायच्या कड्याची, सुरक्षा-कळ दाबून पतंग सोडून द्यावा. ही कळ रोज पाण्यात शिरण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष दाबून, सुटते याची खात्री करून, पुन्हा जोडावी. वाळूचा एक कण अडकला तरी ती घट्ट होते.

एका बाजूला जमते आणि दुसऱ्या बाजूला जमत नाही, ही तक्रार सर्वांचीच असते. जमत नसलेल्या बाजूने दिवसाची सुरुवात करावी, दमल्यावर जमणाऱ्या बाजूला वळावे. याहून जास्त काही करावे लागत नाही.

वाऱ्याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर वारा असताना जो पतंग कसाबसा उभे करतो, तोच पतंग १६ नॉट वाऱ्यात सुमारे पावणेदोन पट ओढतो. त्यामुळे सकाळी ११-१२ नॉट वाऱ्यात वारंवार बसणारा माणूस दुपारी १६ नॉटला अचानक चालू लागतो आणि आपले तंत्र सुधारले असे समजतो. तसे नसते. कमी वाऱ्यात शिकणाऱ्याने बोर्ड मोठा घ्यावा. आम्हाला पहिल्या सहलीत १३६ सेंटिमीटरचे बोर्ड दिले होते. दुसऱ्या वेळी १५० सेंटिमीटरचे मागून घेतले तेव्हा त्याच वाऱ्यात बोर्ड बराच काळ पाण्यावर राहू लागला आणि चुका पाहायला वेळ मिळू लागला. झुळूक आणि खंड यांचा लपंडाव चालू असेल, तर खंड येताच पतंग बसणे हा तुमचा दोष नाही, तासभर थांबावे.

आता साहित्य. चौघांची चूक सांगितली, पाचवी मी. ढील देण्याचा सराव झाला, दोन बोटांनी धरणे जमले, ट्रिम खेचली, चित्रणातही हात पुढे गेलेले दिसत होते, आणि तरीही माझा पतंग मागे मागे जाऊन बसत होता. मी दोन दिवस स्वतःच्याच हातांवर संशय घेत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रशिक्षकांना विनंती केली की माझाच पतंग आणि माझाच बार घेऊन तुम्ही पाच मिनिटे फिरून या. ते गेले, आणि तीस वर्षे पाण्यात काढलेल्या त्या माणसाच्या हातातही पतंग दोनदा मागे बसला.

मग आम्ही दोऱ्या मोजल्या. वाळूत रोवलेल्या लोखंडी खुंट्याला चारही दोऱ्यांची टोके अडकवली, ट्रिम पूर्ण सैल सोडली, बार पूर्ण जवळ ओढला आणि मागे रेलून दोऱ्या ताणल्या. चारही सारख्या लांबीच्या असत्या तर बार सरळ राहून चारही दोऱ्यांवर सारखा ताण आला असता. प्रत्यक्षात बाजूच्या दोन दोऱ्या तारेसारख्या ताणलेल्या होत्या आणि मधल्या दोन लोंबत होत्या. बोटाने मोजले तर फरक चार बोटांपेक्षा जास्त. मधल्या दोऱ्या सतत भार वाहतात, म्हणून वापराने त्या जास्त ताणून लांब होतात, आणि तुलनेने मागच्या दोऱ्या आखूड पडतात. म्हणजे मी हात कितीही पुढे नेले तरी तो बार कायम थोडा ओढलेलाच होता. शाळेच्या भाड्याच्या साहित्यात हा दोष नेहमी आढळतो, कारण एकच बार हंगामभर रोज पाण्यात असतो.

दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. पतंगाच्या दोन्ही टोकांना मागची दोरी जिथे अडकते, तिथल्या जाड दोरीवर ओळीने तीन गाठी असतात. दोऱ्या सर्वांत आतल्या गाठीवर होत्या. त्या दोन्ही बाजूंना सर्वांत बाहेरच्या गाठीवर घेतल्या, म्हणजे मागच्या दोऱ्यांना तेवढी लांबी मिळाली. पुन्हा खुंट्याला लावून पाहिल्या तेव्हा चारही दोऱ्या सारख्या ताणल्या गेल्या. नळीतील हवाही तपासली. ती बोटाने सहज दबत होती, म्हणून पतंगावर छापलेल्या दाबापर्यंत पंपाने भरून घेतली, कारण नरम नळीचा पतंग वाऱ्यात वाकतो आणि असाच अडखळतो. त्या दुपारी उजवीकडे जाताना मी पहिल्यांदा न बसता काठावरच्या पडक्या होडीपर्यंत पोहोचले, जिथे जायला मला त्याआधी अकरा-बारा प्रयत्न लागत असत.

म्हणून माझी विनंती आहे की भाड्याचे साहित्य हातात आल्यावर पाण्यात शिरण्यापूर्वी दोऱ्या खुंट्याला लावून पाहाव्यात. प्रशिक्षक घाईत असतील तरी त्यांना थांबवावे. चारही दोऱ्या सारख्या असतील, तर मग हातांकडे पाहावे.